पांढरं पोवळं

आमच्या घरात कूलर नव्हता, आणि तो परवडत नव्हता म्हणून नव्हे. भिलाईच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर दोनमधल्या आमच्या रांगेत होळी झाली की एकेका खिडकीला कूलरचा पत्र्याचा डबा लागायचा. ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास गल्लीभर पसरायचा आणि दुपारी सगळी रांग एका सुरात घरघरायची. आमचीच खिडकी तेवढी गप्प. नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे कुणाच्या तरी दुखवट्याचं वर्ष चालू असावं. आई त्यांचा गैरसमज लगेच दूर करत नसे. खरं कारण सांगण्यापेक्षा दुखवटा बरा, असं तिला वाटत असणार.

खरं कारण होतं बाबांची सवय.

बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते आणि तिथेही बॅटरीच्या टॉपवर. कोळसा भाजून त्याचा कोक करायचा तर उंच, अरुंद भट्ट्या लागतात. त्या एकीला एक लागून रांगेने उभ्या असतात आणि त्या रांगेला बॅटरी म्हणतात. तिच्या माथ्यावर माणसं चालतात. माथ्यावर झाकणं असतात. ती लांब सळईने उचलायची, आत कोळसा पडला की परत बसवायची, फटीतून धूर निघाला तर ओल्या मातीने लिंपायची. साधा बूट तिथे टिकत नाही, म्हणून लाकडी तळाचे जोडे मिळत. मे महिन्यात डोक्यावर भिलाईचं ऊन आणि पायाखाली पेटलेली भट्टी. अशा ठिकाणी बाबा माझ्या जन्माच्या आधीपासून चालत होते आणि त्यांना ते चालणं आवडत होतं. हे मी नंतर ताडलेलं नाही, ते स्वतःच सांगायचे. टॉपवरची पोरं त्यांना उस्ताद म्हणत. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून धानाचं शेत भावांवर सोडून आलेल्या माणसाला कुणीतरी उस्ताद म्हणावं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

बाबांचा सिद्धांत असा होता की ऊन कुणालाच लागत नाही, सुटलेली सवय लागते. डिसेंबरात भरती झालेला पोरगा हळूहळू तापत जातो आणि मे महिना सहज काढतो. तोच पोरगा मे महिन्यात भरती झाला तर पहिल्याच दिवशी आडवा होतो. पोरगा तोच, भट्टी तीच, फरक सवयीचा. यात काही खोटं नव्हतं. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की डॉक्टरही हेच म्हणतात, फक्त जास्त पानांत.

या सिद्धांतावरून बाबांनी टॉपवर एक कायदा केला होता. सुट्टीवरून आलेला माणूस पहिला आठवडा वर चढणार नाही. लग्नाहून येवो, गावच्या मरणाहून येवो, की पचमढीची हवा खाऊन येवो, आठवडाभर तो खालच्या कामावर. अंगाची सवय दहा-बारा दिवसांत उतरते आणि ती उतरलेली माणसाला कळत नाही, हे बाबा नव्या पोरांना दम देऊन सांगायचे. कोणी फार मर्दानगी दाखवली तर त्याची सळई काढून घ्यायचे. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नव्हता, पण साहेब लोकही तो पाळत.

इथपर्यंत ठीक होतं. भानगड अशी की बाबांनी सिद्धांत घरी आणला. ड्यूटी आठ तासांची, उरलेले सोळा तास घरी. त्या सोळा तासांत कूलरची हवा खाल्ली तर सवय पातळ होते, असं त्यांचं गणित होतं. म्हणून कूलर नाही. पंखा दोनवर. माठातलं पाणी चालेल, फ्रिजमधलं नाही. दुपारी चार वाजता, बाहेर लूचा गरम वारा वाहत असताना, उकळता चहा. मी एकदा विचारलं होतं की बॅटरीवर तुम्ही जाता, मग माझी सवय कशाला टिकवायची? त्यावर बाबा म्हणाले, सांगता येत नाही. आई दुपारी पापड लाटायच्या निमित्ताने शेजारी जायची. आमच्याकडे दर उन्हाळ्यात इतके पापड कसे होतात, असा प्रश्न बाबांना कधी पडला नाही.

मध्य प्रदेशचे दोन तुकडे व्हायच्या एक-दोन वर्षं आधीचा उन्हाळा होता तो. हिवाळ्यात बाबांची नेहमीची तपासणी झाली होती आणि प्लांटच्या डॉक्टरने सांगितलं होतं की बीपी वाढलेलं आहे, वय झालेलं आहे, आता टॉप सोडा, खाली काम मागून घ्या. मागितलं की मिळेल, पगार तोच राहील. बाबांनी मागितलं नाही. उन्हाळा उतरला की पाहू, म्हणाले. आईचं म्हणणं, उन्हाळा उतरायच्या आत तुम्हीच उतरलात तर? घरात रोज संध्याकाळी हाच विषय. आईला त्या उन्हाळ्याची भीती वाटत होती आणि मलाही. बाबांना भीती वाटत होती की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते गरम चहा पीत बसलेले असत.

शेवटी आईने डाव टाकला. एलटीसी, म्हणजे प्लांटकडून मिळणारी प्रवासाची सवलत, कित्येक वर्षं पडून होती. आपण रामेश्वरला जाऊ, म्हणाली, नवस आहे. नवस कसला, कधी केला, ते तिने सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही, कारण देवाच्या कामात चौकशी करायची नसते. तिचा खरा हिशेब मला ठाऊक होता. एप्रिलच्या शेवटी निघायचं, बाबांना ऐन तापातून बाहेर काढायचं, आणि परत आलं की बाबांच्याच कायद्याने ते आठवडाभर खाली राहणार. एकदा खाली राहिले की तिथेच राहतील. चांगला डाव होता. बाबांना तो बहुधा कळला होता.

नागपूरला गाडी बदलून मद्रास आणि मद्रासहून पुढे. देवदर्शन झालं, बावीस कुंडांचं पाणी डोक्यावर घेऊन झालं, आणि नंतर आम्ही नुसते राहिलो. बाबा समुद्राकाठी बसायचे. वारा यायचा. तिसऱ्या दिवशी ते भर दुपारी काठावर ओढलेल्या एका पडावाच्या सावलीत तोंड उघडं टाकून झोपले. आईने मला खूण करून ते दाखवलं. आम्ही दोघी उभ्या राहून झोपलेल्या माणसाकडे पाहत होतो. तो किती थकलेला आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं आणि मला रडू आलं. बाबा उठल्यावर फार चिडले. म्हणाले, ही जागा बेकार आहे, इथे माणूस नरम पडतो.

नरम पडलेल्या माणसाला कुठेतरी न्यायला हवं म्हणून आम्ही होडीत बसलो. होडीच्या तळाला काच बसवलेली होती. काचेतून समुद्राचा तळ पाहायचा, तळाशी पोवळी. मी तेव्हा बीएस्सी फायनलला होते, विषय झूऑलॉजी, माध्यम हिंदी. पोवळ्याला आम्ही मूँगा म्हणायचो आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न पाठ होता. खरं पोवळं मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजात बरणीत एक तुकडा होता, पण तो बरणीसकट पिवळा पडलेला.

होडीत आणखी दोन-तीन कुटुंबं होती. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि सगळे काचेवर वाकले. खाली सगळं पांढरंशुभ्र होतं. पांढरी झुडपं, पांढरे गड्डे, पांढरी शिंगं, आणि त्यांच्यामधून निळे मासे जात होते. सगळ्यांनी वा वा केलं. आईचा तर आनंद चेहऱ्यावर मावेना. तिचा अर्धा जन्म बाबांच्या कपड्यांतला काळा काढण्यात आणि उरलेला वाळत घातलेल्या चादरींवरची लाल धूळ झटकण्यात गेलेला. पांढरं दिसलं की तिला ते चांगलंच वाटणार. ती म्हणाली, किती स्वच्छ आहे पाहा, जवळपास धुराची एक चिमणी नाही ना.

होडीवाला मान हलवत होता. त्याला हिंदी बेताचं येत होतं. बीमार, बीमार, म्हणाला. पाणी गरम. आधी रंग होता, तपकिरी, हिरवा, जांभळा. या उन्हाळ्यात गेला.

मग मला माझे दहा मार्क आठवले. मी पुन्हा काचेवर वाकले. आपण सगळे मिळून एका आजारी वॉर्डात वा वा करून राहिलोय, असं वाटलं.

बाबांनी विचारलं, गरम म्हणजे किती? मी सांगितलं, नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन डिग्री जास्त, बस.

बाबा हसले. पूर्ण प्रवासातलं ते पहिलं हसू. त्यांनी आजूबाजूच्या कुटुंबांकडे पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं. दोन डिग्रीने आडवा होणारा प्राणी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे चहाच्या कपात दोन डिग्री इकडेतिकडे होतात, म्हणाले.

मला राग आला. पोवळ्यांच्या बाजूने भांडायची माझ्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण बाबांच्या त्या हसण्यावर मी कुणाच्याही बाजूने भांडले असते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि टाउनशिपच्या भाषेत सांगितलं, कारण मूँग्याची भाषा त्यांच्या उपयोगाची नव्हती. पोवळं म्हणजे बारीक बारीक जीव. त्यांच्या अंगात एक शेवाळ राहायला असतं. आपल्याकडे मागच्या खोलीत भाडेकरू ठेवतात ना, भाडं न घेता घरकामाच्या बदल्यात, तसं. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं आणि त्यातलं बरंचसं मालकाला देतं. रंगही त्या भाडेकरूचाच, मालक स्वतः बिनरंगाचा. पाणी फार तापलं की भाडेकरूचं डोकं फिरतं, तो अन्नाबरोबर विषही करायला लागतो. मग मालक त्याला घराबाहेर काढतो. घर पांढरं दिसतं, पण आता स्वयंपाक करायला कोणी नाही.

"म्हणजे मेलं नाई थे," बाबा म्हणाले.

नाही, मी म्हटलं, जिवंत आहे, उपाशी आहे. पाणी लवकर थंड झालं तर भाडेकरू परत येतात, रंग परत येतो. नाही झालं तर मग मरतं.

"मंग त्याहीले कूलर लावा," आई म्हणाली.

ती काचेकडे पाहूनच म्हणाली, पण होडीत तो टोमणा कुणासाठी होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबांनी तो पाण्यात जाऊ दिला.

परत येताना होडीवाल्याने किनाऱ्याजवळ, अगदी उथळ पाण्यात, पुन्हा इंजिन बंद केलं. तिथली पोवळी तपकिरी होती, ठणठणीत. त्याला कारण सांगता येईना, मला येत होतं. उथळ पाणी रोज दुपारी तापतं, ओहोटीला जास्तच तापतं. तिथल्या पोवळ्यांना त्याची सवय असते. खोल, थंड पाण्यातली मात्र थोड्या तापाने जातात.

सवय हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मी जीभ चावली. बाबा काचेवरून उठून ताठ बसले. शेजारच्या कुटुंबातल्या गृहस्थांना, ओळखदेख नसताना, म्हणाले, देखिए, ये टॉप के लोग हैं. त्या गृहस्थांनी आदराने तपकिरी गड्ड्याकडे पाहिलं. किनारा येईपर्यंत बाबा पोवळ्यांचे उस्ताद होते. खोल पाण्यातल्यांची चूक नाही, म्हणाले, त्यांना एकदम वर चढवलं; हळूहळू तापवलं असतं तर एकही पडला नसता. मी म्हटलं, त्यांना कोणी चढवलं नाही, पाणीच वर चढलं. बाबांनी विचारलं, मग त्यांची ड्यूटी बदलता येत नाही का? काही दिवस खाली, थंड पाण्यात? मी म्हटलं, बाबा, ती जागेला चिकटलेली असतात, जन्मभर. हे त्यांना पटलं नाही. माणसाला आठवडाभरही खाली पाठवता येत नाही, असं काम कोणी ठेवूच नये, असं त्यांचं मत दिसलं.

उतरताना होडीवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्याने सहज सांगितली आणि बाबांनी ती ऐकली नसती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. उथळ पाण्यातलीही आता फिकी पडायला लागलीत, तो म्हणाला. काठावरची, सगळ्यात जुनी, त्यांच्यापासून सुरुवात झालीय.

गाडीत बाबांनी तो विषय स्वतःहून काढला. नागपूर अजून दूर होतं, आई वरच्या बर्थवर झोपली होती. सवय असलेली कशी काय पडतात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की सवयीलाही वर एक छप्पर असतं. गरम पाण्यात राहणारा जास्त सोसतो हे खरं, पण तो आधीपासूनच छपराच्या जवळ राहत असतो. त्याच्या डोक्याच्या वर जागा थोडीच उरलेली असते. ताप थोडा वाढला, किंवा आहे तेवढाच पण जास्त दिवस टिकला, की तोही जातो.

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले की पुस्तकात माणसाचं लिहिलं नसेल. मी म्हटलं, नाही, पोवळ्याचंच आहे. म्हणाले, तेच.

भिलाईला उतरलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर अशी भट्टी होती की आईने डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि बाबांनी खोल श्वास घेऊन, आहा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. आईने रात्रीच विचारून घेतलं होतं, खालीच ना? बाबा म्हणाले होते, कायदा तो कायदा.

सकाळी ते सायकल काढून गेले. आई त्या दिवशी गुणगुणत होती. दहाच्या सुमारास दारात बाबांच्या हाताखालचा एक माणूस उभा राहिला. तो उतई गावाहून सायकलने येणारा, वर्षानुवर्षं बाबांबरोबर टॉपवर काम केलेला, आणि आमच्याकडे दिवाळीला चिवडा खायला येणारा. चिवड्याशिवाय तो कधी आला नव्हता. आईने त्याला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"उस्ताद गिर गे हे, काकी," तो म्हणाला. "फेर जियत हे."

पडलेत, पण जिवंत आहेत. होडीत बाबांनीही हेच म्हटलं होतं, शब्द तेवढे वेगळे. मला ते तिथेच आठवलं आणि त्या आठवणीचा मला संताप आला.

हॉस्पिटलला जाता जाता त्याने काय झालं ते सांगितलं. उस्ताद आले, लाकडी जोडे घातले आणि सरळ वर चढले. पोरांनी अडवलं. उस्ताद, तुमचा कायदा, म्हणाली. तर म्हणाले, कायदा नव्या लोकांसाठी आहे. सळई मागितली. त्यांच्याकडून सळई काढून घ्यायची हिंमत कुणाला होणार? दोन-चार झाकणं त्यांनी उचलली, नेहमीसारखी. मग एका जागी उभे राहिले आणि पोरांना विचारू लागले की इथलं पाणी कधीपासून गरम झालं. पोरांना काही समजेना. त्यानंतर पडले. पोरांनी खांद्यावर घालून खाली आणलं, बादल्या ओतल्या, गाडी बोलावली.

ते वर का चढले, हे मला विचारावं लागलं नाही आणि आईलाही नाही. आठवडाभर खाली राहिले असते तर तो आठवडा संपलाच नसता. डॉक्टरचा सल्ला होता, घरची कटकट होती, वर जायला कोणी मोकळं सोडलं नसतं. एकदा खाली आलेला उस्ताद खालीच राहतो आणि हळूहळू नुसता काका होतो. आईचा डाव त्यांनी ओळखला होता आणि त्यावर त्यांच्याकडे एवढा एकच डाव होता.

वॉर्डात त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं होतं, काखेत बर्फ, वर पंखा पूर्ण वेगात. बाबांचा रंग मुळात काळा आणि त्यावर कोळशाचा आणखी एक थर कायमचा. बादल्यांनी तो थर धुऊन निघाला होता. खाली राखेसारखा फिकट चेहरा होता. मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. आई त्यांच्या पायाशी उभी होती. तिला पांढरं आवडायचं. ती त्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, चादरीचा काठ पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

संध्याकाळपर्यंत बाबा आम्हाला ओळखत नव्हते. ते तास मला लिहायचे नाहीत. मी फार घाबरले होते, एवढंच. डॉक्टर आले, गेले. आईने एकदा मला विचारलं की होडीत तू काय सांगितलं होतंस, रंग परत येतो ना? मी म्हटलं, येतो. लवकर थंड झालं तर.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं ते सळईचं. मग झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी आई घरी डबा आणायला गेली होती. वॉर्डाच्या खिडकीत एक भलामोठा कूलर घरघरत होता आणि त्याचा झोत बाबांच्या खाटेवरच येत होता. त्यांनी तक्रार केली नाही. बराच वेळ छताकडे पाहून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"थे पोवळे चिकटून राह्यते म्हटलं होतं ना तू?"

हो, मी म्हटलं.

"म्हणून मरते बिचारे. जातो म्हटलं तरी कोठी जातीन." ते थांबले. बोलताना त्यांना अजून धाप लागत होती. "मी तं चिकटून नाई, माय."

मी माठातल्या पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी दोन घोट घेतले आणि विचारलं की इथे फ्रिज नाही का.

घरी आल्यावर बाबांनी खाली काम मागून घेतलं. मिळालं. स्टोअरच्या बाजूला, सावलीत, सळया आणि झाकणं येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायची. टॉपवरची पोरं सळई न्यायला येत आणि अजूनही उस्ताद म्हणत, ही गोष्ट त्यांनी आईला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा सहज सांगितल्यासारखी. सुट्टीवरून आलेल्याला ते आता सळई देतच नसत. कायदा पहिल्यापेक्षा कडक झाला होता.

पण ते नंतर. आधी त्या घरी आलेल्या संध्याकाळचं. आई चार वाजता सवयीने उकळता चहा घेऊन आली. बाबांनी कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला, आणि म्हणाले, "कूलर आणू म्हणतो."

या वाक्यासाठी आईने लग्नापासूनचे सगळे उन्हाळे काढले होते. शेजारी लाटलेले पापड एकावर एक रचले असते तर छतापर्यंत गेले असते. मला वाटलं ती आता काहीतरी खोचक बोलणार, तिचा तो हक्क होता. ती बाबांच्या समोर खाली बसली.

"राहू द्या ना जी," ती म्हणाली. "उन्हाळा सरत आला आता. पुढल्या वर्षी तुमाले वर जायचं असन तं सवय तुटन."

"पुढल्या वर्षी मी वर नाई जात," बाबा म्हणाले.

आई रडली. तोंडाला पदर न लावता, आवाज न करता, बाबांकडे बघत रडली. तिला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं आणि ते तिला सोसेना. बाबा तिच्याकडे पाहत बसले. चहा निवला.

कूलर चार दिवसांनी आला, पत्र्याचा, खसाच्या नव्या पडद्यांचा. रांगेतली सगळी घरं तो पाहायला आली, कारण आमच्या खिडकीला काही लागणं ही सेक्टरमधली बातमी होती. दुपारी बाबा त्याच्यासमोर चटईवर आडवे झाले. बाहेर लू होती, डांबर वितळत होतं. थोड्या वेळाने त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि आईला हाक मारून थंडी वाजते म्हणाले. आईने पेटीतून चादर काढली आणि भर मे महिन्यात त्यांच्या अंगावर घातली.